गिनी पिगला काय खायला द्यावे? गवत, भाजी आणि क जीवनसत्त्वाचा रोजचा हिशेब

गिनी पिग घरी येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा दोन गोष्टी येतात: एक लहान पिंजरा आणि दुकानदाराने दिलेली रंगीत दाण्यांची पिशवी. "हे खातो, गाजर-काकडी चालते, चणे भिजवून द्या," एवढ्या सूचनेवर खरेदी पूर्ण होते. पहिले दोन-तीन आठवडे सगळे ठीक वाटते. मग तो हळूहळू कमी फिरू लागतो, उचलले की ओरडतो, केस राठ होतात. घरच्यांना वाटते, रुळला आणि शांत झाला. खरे तर याच काळात त्याच्या शरीरातले क जीवनसत्त्व संपत आलेले असते आणि सांधे दुखू लागलेले असतात.

गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी आहे. अशक्तपणा लपवणे हा त्याचा उपजत स्वभाव असतो. त्यामुळे त्याचा आजार डोळ्यांना दिसेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. नीट आहार मिळाला तर तो पाच ते सात वर्षे, कधी आठ वर्षेही जगतो. चुकीच्या आहाराने मात्र तो एक-दोन वर्षांत दगावू शकतो. या आजारांपैकी बरेचसे टाळणे सोपे आहे आणि त्यासाठी महागडे खाद्य लागत नाही. लागते ते गवत, एका ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर आणि काय देऊ नये याची माहिती.

हा प्राणी मुळात कुठला?

नावात गिनी आणि पिग असले तरी हा प्राणी आफ्रिकेतल्या गिनीचा नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतला कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला गेला. तिथे त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही तो मांसासाठी पाळला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे जगभर पाळीव प्राणी झाला.

त्याचे रानटी भाऊबंद डोंगरावरच्या गवताळ प्रदेशात राहतात आणि जवळपास दिवसभर गवत चरतात. धान्य, सुकामेवा, गोड फळे यांची त्यांच्या शरीराला सवय नाही. हॅमस्टर किंवा उंदीर यांच्यासारखा तो सर्वभक्षी नाही. आहाराच्या दृष्टीने पाहिले तर तो उंदरापेक्षा गाय-घोड्याच्या अधिक जवळचा आहे, आणि त्यातही घोड्याच्या. गायीसारखे रवंथ करणारे पोट त्याला नसते. घोड्याप्रमाणेच त्याच्याही आतड्याच्या मागच्या भागात गवत आंबते.

गवत इतके महत्त्वाचे का?

निरोगी प्रौढ गिनी पिगच्या आहारात गवताचा वाटा साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त असावा. याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण दात. गिनी पिगला २० दात असतात आणि पुढच्या पटाशीच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंत सगळे आयुष्यभर वाढत राहतात. हॅमस्टर, उंदीर यांचे फक्त पटाशीचे दात असे वाढतात, दाढा वाढत नाहीत. गवत चावताना जबडा आडवा सरकत राहतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. दाणे किंवा मऊ भाजी खाताना तेवढे चर्वण होत नाही. मग दाढा वाढतात, त्यांना टोके येतात. खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकून जिभेवर पुलासारख्या येऊ शकतात. अशा प्राण्याला भूक असते, तो खाद्यापाशी येतो, तोंड लावतो आणि सोडून देतो. पटाशीचे दात पाहून हे कळत नाही. मागच्या दाढा तपासायला पशुवैद्याकडेच जावे लागते. लाकडाचा तुकडा किंवा खनिजाचा दगड पिंजऱ्यात ठेवल्याने दाढा झिजत नाहीत. त्याचा उपयोग झाला तर पुढच्या दातांना होतो.

दुसरे कारण पोट. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सीकम नावाची एक मोठी पिशवी असते. तिथे राहणारे सूक्ष्मजीव गवतातले तंतू फोडतात आणि त्यातून प्राण्याला ऊर्जा मिळते. हे काम अखंड चालू राहण्यासाठी तंतुमय अन्न सतत पोटात जावे लागते. साखर आणि पिठूळ पदार्थ जास्त गेले की त्या सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो, वायू धरतो, हगवण लागते. गिनी पिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाल्लेले बाहेर टाकण्याची सोयही नाही.

त्याच सीकममध्ये मऊ, ओलसर लेंड्याही तयार होतात. गिनी पिग त्या शरीरातून बाहेर पडतानाच तोंडाने घेऊन खातो. हे पाहून अनेकांना किळस येते, पण ही त्याची गरज आहे. त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वे परत मिळतात. त्याला तसे करू द्यावे.

कोणते गवत द्यावे?

परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'टिमोथी हे' या वाळवलेल्या गवताचे नाव सतत येते. भारतात ते ऑनलाइन आणि मोठ्या पेट शॉपमध्ये मिळते. परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर इथल्या गवतांवरही गिनी पिग निरोगी राहतो, मात्र निवड पारखून करावी लागते.

हरळी, म्हणजेच दूर्वा, ताजी किंवा सावलीत वाळवलेली, दोन्ही चालते. कुंडीत किंवा ट्रेमध्ये ती सहज वाढते. फूलबाजारातल्या जुड्या आणल्या तर निवडून, धुऊन, पाणी निथळल्यावर द्याव्यात. पूजेत वाहिलेल्या, हळद-कुंकू किंवा अत्तर लागलेल्या दूर्वा देऊ नयेत.

ओट, म्हणजे सातूसारख्या पिकाचे वाळवलेले हिरवे गवत, पशुखाद्याच्या काही दुकानांत मिळते. दाणे भरण्याआधी कापलेले असेल तर ते चांगले. गव्हांकुर घरी ट्रेमध्ये वाढवता येतात. ते हिरवा खाऊ म्हणून मूठभर द्यावेत, वाळलेल्या गवताला पर्याय म्हणून नाही. मक्याच्या कणसाची हिरवी साल आणि केस भाजीवाले टाकून देतात. गिनी पिगला ते फार आवडतात आणि ते चघळायलाही चांगले.

काही गवतांबाबत मात्र सावध राहावे लागते.

लसूणघास, म्हणजे ल्युसर्न किंवा अल्फाल्फा. गुराढोरांचा चारा म्हणून ते महाराष्ट्रात सगळीकडे मिळते, स्वस्त असते आणि गिनी पिग ते आवडीने खातो. त्यात कॅल्शियम आणि प्रथिने भरपूर असतात. सहा महिन्यांपर्यंतची पिल्ले आणि गाभण किंवा दूध पाजणारी मादी यांना ते उपयोगी आहे. प्रौढाला रोज दिले तर मुतखड्याचा धोका वाढतो. अँडीजमध्ये कुयला अल्फाल्फा खाऊ घालतातच की, असा प्रश्न पडू शकतो. पण तिथे मांसासाठीचे प्राणी काही महिन्यांतच कापले जातात. मुतखडा व्हायला लागणारी वर्षे त्यांना मिळतच नाहीत. घरातल्या प्राण्याला ती वर्षे जगायची असतात.

कोवळी ज्वारी. ज्वारीच्या कोवळ्या पानांत आणि पाण्याचा ताण पडलेल्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. ती खाऊन गुरे दगावतात हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. एक किलोच्या प्राण्यावर हा प्रयोग करू नये.

गाजरगवत. नावाने फसू नये. रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर माजणारे, पांढऱ्या बारीक फुलांचे हे तण विषारी आहे. पाने थोडीशी गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, म्हणून कापलेल्या गवतात ते नकळत येऊ शकते. बाहेरून गवत आणताना काडी-काडी पाहावी. रस्त्याच्या कडेचे, फवारणी केलेल्या बागेतले आणि कुत्री फिरतात तिथले गवत नको. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा ढीगही नको. तो काही तासांत गरम होऊन आंबू लागतो.

भाताचा पेंढा. कोकणात सहज मिळतो. अंथरायला चांगला, पण त्यात पोषण फार कमी असते. मुख्य गवत म्हणून तो पुरत नाही.

पावसाळ्यात वाळलेल्या गवताला बुरशी धरते. गवत जमिनीपासून उंचावर, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत किंवा खोक्यात ठेवावे. कुबट वास आला, काळे-पांढरे डाग दिसले किंवा झटकल्यावर धूळ उडाली तर ते टाकून द्यावे. चांगल्या गवताला गोडसर वास असतो आणि रंगात थोडी हिरवी छटा शिल्लक असते.

क जीवनसत्त्व: माणसाशी असलेले नाते

कुत्रा, मांजर, ससा, उंदीर आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणूस आणि गिनी पिग यांना ते जमत नाही. ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यावर लागणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, दोघांच्याही शरीरात काम करत नाही. म्हणून ते रोज अन्नातूनच मिळावे लागते.

हे कळले तेही गिनी पिगमुळेच. नॉर्वेतले शास्त्रज्ञ अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवले. अपेक्षा बेरीबेरीची होती, पण प्राण्यांना झाला स्कर्व्ही, म्हणजे खलाशांच्या हिरड्यांतून रक्त आणणारा तो जुना आजार. कोबी किंवा लिंबाचा रस दिल्यावर तो टळत होता. १९०७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी वेगळा केलेला पदार्थ हेच क जीवनसत्त्व आहे, हे १९३२च्या सुमारास गिनी पिगवरच्याच प्रयोगांतून सिद्ध झाले. हा पदार्थ मोठ्या प्रमाणात मिळवण्यासाठी त्यांनी वापरली ती सेगेड गावची लाल मिरची, पाप्रिका. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासात आजच्या पालकांसाठी दोन धडे आहेत. नुसत्या धान्यावर ठेवलेला गिनी पिग आजारी पडतो, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले आहे. तरीही गहू, मका, चणे हेच खाद्य आजही अनेक घरांत चालू असते. आणि उपाय मिरचीच्याच कुळात आहे: ढोबळी मिरची.

किती लागते आणि कशातून मिळते?

निरोगी प्रौढ गिनी पिगला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गाभण मादी, वाढती पिल्ले आणि आजारी प्राणी यांची गरज वरच्या टोकाला असते. प्रौढाचे वजन साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो असते. सोयीसाठी एक किलोच्या प्राण्याला रोज २० मिलिग्रॅम धरू.

१०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. म्हणजे २५ ग्रॅम, एका मध्यम मिरचीचा पाव भाग, दिवसाला पुरतो. लाल ढोबळीत ते याहून जास्त असते, पण साखरही थोडी जास्त. कोथिंबिरीत १०० ग्रॅमला २५-३० मिलिग्रॅम असते. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम कोथिंबिरीतून पाच-सहा मिलिग्रॅम मिळतात. ती चांगली आहे, पण एकटी पुरत नाही.

आता गाजर-काकडी पाहा. गाजरात १०० ग्रॅमला साधारण सहा मिलिग्रॅम आणि काकडीत तीनच्या आसपास क जीवनसत्त्व असते. २० मिलिग्रॅमसाठी रोज तिसऱ्या हिश्श्याच्या किलोइतके गाजर किंवा स्वतःच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश काकडी खावी लागेल. रोज ताजी भाजी मिळत असूनही गिनी पिगला स्कर्व्ही का होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असते, १०० ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमहून अधिक. मात्र त्यात साखरही असते. बिया काढून बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा ठीक. आवळाही समृद्ध आहे, पण फार आंबट असल्याने पातळ चकती पुरे, तीही तो खात असेल तर. मुरांबा, कँडी किंवा साखरेत घोळलेला आवळा नको.

पाण्यात टाकायचे क जीवनसत्त्वाचे थेंब बाजारात मिळतात. ते टाळलेले बरे. पाण्यात आणि उजेडात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. किती पोटात गेले ते कळत नाही, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्याही देऊ नयेत. त्यातले ड आणि अ जीवनसत्त्व इतक्या लहान शरीराला जास्त होते. पूरक मात्रा द्यावी लागलीच तर फक्त क जीवनसत्त्व, आणि मात्रा पशुवैद्याकडून ठरवून.

भाज्यांची निवड

रोज साधारण वाटीभर भाजी पुरते, दोन वेळांत विभागून. भाजी धुऊन, पाणी निथळून द्यावी. फ्रिजमधून काढलेली गार भाजी थोडा वेळ बाहेर ठेवावी. उरलेली भाजी काही तासांत उचलावी, उन्हाळ्यात तर लगेच.

रोज चालतील: ढोबळी मिरची, कोथिंबीर, लांब पानांचा लेट्युस, थोडी काकडी, मक्याच्या कणसाची साल. ढोबळीच्या बिया आणि देठ काढावेत.

आठवड्यातून एक-दोनदा, थोडे: गाजर, टोमॅटो, बीट, मेथी, मुळ्याचा पाला, कोबी, फ्लॉवरचे एखादे पान, ब्रोकोली, सफरचंद, पपई, पेरू. गाजर-बीट-फळांत साखर असते. कोबी-फ्लॉवरने काहींना वायू धरतो. सफरचंदाच्या बिया काढाव्यात.

क्वचितच: पालक, माठ, राजगिऱ्याची पाने, चाकवत. यांत ऑक्झलेट जास्त असते. शेवग्याची पाने आणि कढीपत्ता पौष्टिक म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांतल्या भरपूर कॅल्शियममुळे गिनी पिगसाठी ती रोजची भाजी नाहीत.

कधीच नको: कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाटा, टोमॅटोची पाने आणि देठ, अव्होकॅडो, चॉकलेट. पोळी, भात, बिस्किटे, फरसाण, शेंगदाणे, चणे, कडधान्ये नकोत. दूध, दही, पनीर, अंडे, मांस नको. शिजवलेले काहीच नको. घरातल्या झाडांपैकी मनीप्लांट, कण्हेर, घाणेरी, पानफुटी यांच्याजवळ त्याला मोकळे सोडू नये.

चण्यांबद्दल थोडे अधिक. भिजवलेले चणे दिले की वजन वाढते आणि तुकतुकी दिसते, म्हणून विकणारे ते सुचवतात. पण त्यात तंतू गवताइतके नसतात, पिठूळपणा जास्त असतो आणि पोट भरले की प्राणी गवत खात नाही. दात आणि पोट, दोन्हींचा तोटा होतो.

कॅल्शियम आणि मुतखडा

प्रौढ गिनी पिगमध्ये मुतखडा हा नेहमी आढळणारा आजार आहे. त्यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्यामागे वय, प्रकृती, पाणी कमी पिणे अशी अनेक कारणे असतात, पण आहारातले जादा कॅल्शियम हे आपल्या हातातले कारण आहे.

लघवी वाळल्यावर अंथरुणावर थोडी पांढरट पावडर दिसणे नैसर्गिक आहे. ती बोटाला वाळूसारखी खरखरीत लागली, लघवीत लाल झाक दिसली किंवा लघवी करताना प्राणी पाठ वाकवून ओरडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवी अडली तर जीवावर बेतते. टांगायचे 'मिनरल' किंवा मिठाचे दगड अनेक पिंजऱ्यांबरोबर मिळतात. त्यांची गरज नसते.

पेलेट घ्यायचे तर कोणते?

पेलेट म्हणजे दाबून तयार केलेल्या खाद्याच्या कांड्या. त्या पूरक आहेत, मुख्य अन्न नाहीत. एका प्रौढाला दिवसाला साधारण दोन मोठे चमचे पुरतात. पाकीट घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

एक, ते गिनी पिगसाठीच बनवलेले असावे आणि त्यावर क जीवनसत्त्व असल्याचा उल्लेख असावा. सशाचे खाद्य दिसायला अगदी तसेच असते आणि अनेक दुकानांत तेच हातात ठेवले जाते. सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, म्हणून त्या खाद्यात ते घातलेलेच नसते.

दोन, प्रौढासाठी घटकांच्या यादीत पहिले नाव टिमोथी किंवा दुसऱ्या गवताचे असावे. अल्फाल्फाचे पेलेट पिल्लांसाठी.

तीन, सगळ्या कांड्या एकसारख्या असाव्यात. रंगीत तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, सुकी फळे असलेल्या मिश्रणातून प्राणी गोड आणि तेलकट तेवढे निवडून खातो.

चार, उत्पादनाची तारीख. खाद्यातले क जीवनसत्त्व साठवणीत कमी होत जाते, उष्ण आणि दमट हवेत आणखी लवकर. तयार होऊन तीन महिने झालेल्या खाद्यातल्या क जीवनसत्त्वावर भरवसा ठेवू नये. सुटे, वजनावर विकले जाणारे खाद्य किती जुने आहे हे कळतच नाही. छोटे बंद पाकीट घ्यावे, घट्ट डब्यात, उन्हापासून दूर ठेवावे आणि मिरचीचा तुकडा पेलेट असतानाही चालू ठेवावा.

पाणी आणि उन्हाळा

स्वच्छ पाणी चोवीस तास हवे. एक किलोचा प्राणी दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पितो. भाजी जास्त असेल तर कमी, उन्हाळ्यात जास्त. बाटलीच्या नळीतली गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. म्हणून रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का ते पाहावे.

अँडीजच्या थंड हवेतला हा प्राणी उष्णता सहन करू शकत नाही. तापमान तिशीकडे गेले की त्याला त्रास सुरू होतो. नागपूर, जळगाव, सोलापूरच्या उन्हाळ्यात तो घरातल्या सर्वांत गार खोलीत असावा. उकाड्यात गवत कमी खाल्ले जाते, म्हणून थंड वेळी, पहाटे आणि रात्री, ताजे गवत भरून ठेवावे.

हॅमस्टर आणि उंदीर: नियम वेगळे

लहान कृंतकांना एकच खाद्य चालते, हा मोठा गैरसमज आहे.

हॅमस्टर बिया, धान्य, थोडा पाला आणि कीटक खाणारा आहे. त्याला प्रथिने लागतात. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण किंवा वाळवलेली अळी चालते. तो गालाच्या पिशव्यांत अन्न भरून साठवतो, त्यामुळे वाटी रिकामी झाली म्हणजे खाल्ले असे नाही. घरट्यात लपवलेली ओली भाजी सडते, ती रोज काढावी. बुटक्या हॅमस्टरच्या काही जातींना मधुमेह होण्याची प्रवृत्ती असते. त्यांना फळे आणि गोड खाऊ न दिलेला बरा.

पाळीव उंदीर सर्वभक्षी असतात. समतोल पेलेट हा त्यांचा पाया, सोबत भाजी आणि थोडे धान्य. ते पटकन लठ्ठ होतात. जर्बिलला बिया आवडतात, पण फक्त सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर चरबी वाढते आणि कॅल्शियम कमी पडते. चिंचिला मात्र गिनी पिगसारखाच गवतावर जगणारा आहे.

या सर्वांना क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही. म्हणून हॅमस्टरचे खाद्य गिनी पिगला घालणे दुहेरी चूक ठरते: तंतू कमी आणि क जीवनसत्त्वही नाही.

आहार बदलायचा कसा?

आधीपासून दाणे आणि चणे खाणाऱ्या प्राण्याचे खाद्य एका दिवसात बंद करू नये. गिनी पिग लहानपणी जे खातो तेच अन्न मानतो. कांडीचा आकार किंवा भांडे बदलले तरी काही जण तोंड फिरवतात आणि उपाशी राहतात. दोन ते तीन आठवड्यांत, जुने थोडे कमी आणि नवे थोडे जास्त, असा बदल करावा. गवत मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर ठेवावे. नवी भाजी एका वेळी एकच, चिमूटभर. चोवीस तासांत लेंड्या नेहमीसारख्या राहिल्या तर पुढे जावे. पिल्लू असतानाच चार-पाच प्रकारच्या भाज्यांची ओळख करून दिली तर पुढचे काम सोपे होते.

एका दिवसाचा आहार

साधारण एक किलोच्या निरोगी प्रौढासाठी:

सकाळी: जुने गवत काढून नवे, त्याच्या शरीराएवढा ढीग. ताजे पाणी. एक मोठा चमचा पेलेट.
दुपारी: गवत तपासून भर घालणे.
संध्याकाळी: पाव ढोबळी मिरची, मूठभर कोथिंबीर, लेट्युसची दोन पाने किंवा काकडीच्या दोन चकत्या. एक मोठा चमचा पेलेट.
रात्री: पुन्हा गवत. रात्रीही तो खात असतो. गवताची जागा कधीच रिकामी दिसू नये.
आठवड्यातून एकदा: गाजराचा किंवा पेरूचा लहान तुकडा आणि वजन.

धोका कसा ओळखावा?

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे सर्वांत उपयोगी साधन आहे. दर आठवड्याला, एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. दोन-चार आठवडे वजन सलग उतरत असेल किंवा एक किलोच्या प्राण्याचे १०० ग्रॅम कमी झाले असेल, तर बाहेरून तो ठणठणीत दिसला तरी तपासणी हवी.

स्कर्व्हीची लक्षणे: चालायला टाळाटाळ, लंगडणे, सांधे सुजणे, स्पर्श केला की ओरडणे, राठ केस, हिरड्यांतून रक्त, भूक मंदावणे. पुरेसे क जीवनसत्त्व मिळाले नाही तर दोन-तीन आठवड्यांत ती दिसू लागतात. वेळीच उपचार झाले तर प्राणी बहुधा सुधारतो.

गिनी पिगने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या किंवा पोट फुगून टणक झाले, तर ती तातडीची वेळ समजावी. "उद्या बघू" म्हणण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. त्याचे आतडे थांबले की पुन्हा सुरू करणे अवघड जाते.

शेवटची सूचना औषधाची आहे, पण तिचा संबंध पोटाशीच आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही प्रतिजैविके तोंडाने दिली तर गिनी पिगच्या सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. घरातले लहान मुलांचे पातळ औषध "थोडेसे" म्हणून कधीही देऊ नये. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला लहान कृंतकांचा सराव असतोच असे नाही. दवाखान्यात गेल्यावर "हे औषध गिनी पिगला सुरक्षित आहे का?" असे स्पष्ट विचारावे. अशा प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कुठे आहे, हे प्राणी घरी आणण्याआधीच शोधून ठेवलेले बरे.

थोडक्यात, गवत कधी संपू देऊ नये, क जीवनसत्त्व रोज ताज्या भाजीतून द्यावे, धान्य आणि गोड दूर ठेवावे आणि वजनाची वही चालू ठेवावी. यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे लागतात. लहान मुलाच्या हट्टामुळे गिनी पिग घरी येत असेल, तर ही मिनिटे पुढची पाच-सहा वर्षे घरातले कोणते मोठे माणूस देणार आहे, हे आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.